कीर्द आहे, खतावणी नाही

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: कथा लिहायची सवय लागावी म्हणून पाच वर्षांत सात वह्या आणल्या. प्रत्येकीची सुरुवातीची वीस-पंचवीस पानं भरली आणि तिथंच थांबलं. कुणी म्हणतं रोज तीन पानं लिहा, कुणी म्हणतं मोबाइलवर लिहा. नोंदी पुष्कळ झाल्या, कथा एकही झाली नाही. वही कशी असावी, तिच्यात काय लिहावं, आणि वहीतली नोंद कथेपर्यंत पोचते कशी?

बाई, तुमच्या तीन प्रश्नांतला शेवटचा खरा. पहिल्या दोन्हींची उत्तरं त्याच्यातच आहेत, म्हणून सुरुवात तिथून करतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात मी एकतीस वर्षं दिवाणजी होतो. दिवसा हिशेब, रात्री कथा. लिहिणाऱ्यानं वही कशी ठेवावी हे मला कुणा लेखकानं सांगितलं नाही. दुकानातल्या वह्यांनी शिकवलं, आणि तेही उमजायला सहा वर्षं गेली.

दुकानात मुख्य वह्या दोन. पहिली कीर्द. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमानं तिच्यात उतरतं. अमक्याची चाळीस पोती हळद आली, बारदान आणलं, हमाली दिली, तमक्यानं उचल नेली. दुसरी खतावणी. कीर्दीतली प्रत्येक नोंद तिथं ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायची, याला खतवणं म्हणतात. नुसती कीर्द वाचून एका शेतकऱ्याचं वर्ष कसं गेलं ते कुणालाही सांगता यायचं नाही, कारण त्याच्या नोंदी शंभर लोकांच्या नोंदींत विखुरलेल्या असतात. त्याच्या खात्याचं पान उघडलं की मात्र चित्र उभं राहतं. मे महिन्यात बियाण्याला उचल. ऑगस्टमध्ये खताला. ऑक्टोबरात एक मोठी रक्कम, पुढं तपशिलात एवढंच, ‘दवाखाना’. मग फेब्रुवारीत हळद येते, पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब होतो, उचल वजा जाऊन हातात थोडं पडतं. एका पानावर एका घराचं वर्ष.

तुमच्या सातही वह्या कीर्दी आहेत. तुम्ही प्रामाणिकपणे कीर्द लिहिता आणि खतावणी करत नाही. लिहायची आस असलेली जी माणसं गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच निघालं. नोंदीतून कथा निघत नाही म्हणून ती स्वतःला दोष देतात, प्रतिभा नाही म्हणतात, आणि नवी वही आणतात. एकटी नोंद क्वचितच कथा होते. दोन-तीन नोंदी, वेगवेगळ्या वर्षांतल्या, एकमेकींना माहीत नसलेल्या, एका पानावर शेजारी आल्या की त्यांच्यामध्ये काहीतरी हलतं. माझ्या बाबतीत कथा तिथूनच आली आहे.

माझंच उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळं सांगणं त्याच्यावर उभं आहे.

१९८८ पासून मी खिशात एक छोटी वही ठेवत होतो. १९९१ च्या मार्चमधली एक नोंद जशीच्या तशी देतो:

‘दुपार. पट्टीचे पैसे. म्हातारा, पटका. नोटा मोजल्या, परत माझ्यापुढं सरकवल्या. “तुमच्या हातानं येकदा मोजा. म्या मोजल्यालं टिकत न्हाई.”’

तेव्हा मला वाटलं, काय वाक्य आहे! याच्यावर कथा लिहायची. बसलो, चार पानं लिहिली, फाडली. पुन्हा बसलो. म्हाताऱ्याचं गाव, त्याचं कर्ज, त्याचा मुलगा, सगळं घातलं, आणि सगळं उसनं वाटत राहिलं. वाक्य खरं होतं, भोवतीचं मी जुळवलेलं होतं. नाद सोडला.

१९९३ ची एक नोंद:

‘आत्या. चुलीपुढं. दुरडीत भाकरी. मी विचारलं किती झाल्या. हात थांबला. “भाकरी मोजू नये रं. मोजली की पुरत न्हाई.”’

ही नोंद करताना मला दोन वर्षांपूर्वीचा म्हातारा आठवलासुद्धा नाही. तो एका वहीत, आत्या दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या कपाटात.

१९९४ च्या मार्चअखेरीला दुकानात रात्री उशिरापर्यंत खतावणीचं काम चाललं होतं. कीर्दीवरून नोंद वाचायची, खात्याचं पान उघडायचं, तिथं उतरवायची, आणि कीर्दीत त्या नोंदीसमोर खातेपानाचा आकडा घालायचा, म्हणजे ती खतवली गेल्याची खूण. एकामागून एक. हात चालू असताना एकदम ध्यानात आलं की घरी माझ्याकडे सहा वर्षांची कीर्द पडून आहे आणि तिच्यातल्या एकाही नोंदीसमोर खातेपान नाही. घरी जाऊन एक जाडजूड लाँग बुक काढलं आणि पुढचे दोन महिने, जसा वेळ मिळेल तसा, सगळ्या वह्या पहिल्यापासून वाचल्या. त्या वाचनात ‘मोजणं’ नावाचं खातं उघडलं गेलं, आणि म्हातारा आणि आत्या एकाखाली एक आले.

तरी कथा झाली नाही. खातं उघडं राहिलं. १९९६ मध्ये मिरजेला एका दवाखान्यात नातेवाइकाच्या सोबतीला रात्रभर बसलो होतो. नोंद:

‘रात्र, अडीच. शेजारची खाट. म्हाताऱ्याला सलाईन. उशाशी मुलगा, तिशीचा. थेंब मोजतोय. ओठ हलतात. साठ झाले की परत एक.’

महिनाअखेरीला ही नोंद ‘मोजणं’ या खात्यावर चढवली आणि लिहायला बसलो. बापानं आयुष्यभर काही मोजलं नाही, मोजलं की टिकत नाही अशी त्याची श्रद्धा. मुलगा आता त्याच्या उशाशी बसून थेंब मोजतो आहे आणि त्याला थांबता येत नाही. नऊ रात्रींत कथा पुरी झाली. त्या वर्षी नाही, पुढल्या वर्षी एका दिवाळी अंकात आली. पाच वर्षांपूर्वीचा म्हातारा तिच्यात आला, पण मी जुळवलेलं त्याचं कर्ज आणि त्याचं गाव काहीच आलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती.

आता नोंद कशी करावी. कीर्दीतल्या नोंदीत तारीख असते, कुणाचं खातं ते असतं, रक्कम असते, आणि खाली तपशिलाची एक ओळ, जी ‘बद्दल’ या शब्दावर संपते. ‘चाळीस पोती हळद खरेदी केल्याबद्दल.’ ही ओळ नसेल तर हिशेब शिकवणारे मास्तर गुण कापतात, आणि बरोबर करतात. ‘रक्कम बरीच होती’ असं कुणी कीर्दीत लिहीत नाही. आकडा लिहितात. ‘आज बाजारात एक अतिशय दुःखी, करुण चेहऱ्याची बाई पाहिली, मन हेलावलं’ ही नोंद म्हणजे ‘रक्कम बरीच होती’. दहा वर्षांनी ती वाचाल तेव्हा बाई दिसणार नाही, फक्त तुमचं हेलावलेलं मन दिसेल, आणि ते तुम्हालाही ओळखू येणार नाही. त्याऐवजी, ‘बाई. मेथीची जुडी उचलली, वास घेतला, ठेवली. पुढच्या गाड्यावर परत तेच. चार गाडे. काही घेतलं नाही.’ एवढं पुरे आहे. भावना तिथं आहेच, तिला वेगळं नाव द्यायला नको.

‘बद्दल’ची ओळ मात्र घाला. नोंदीखाली एक ओळ, मला हे का टोचलं. ‘आई शेवटच्या वर्षी असाच वास घ्यायची त्याबद्दल.’ ही ओळ कथेत जाणार नाही. खतवताना ती नोंद कुठल्या खात्यावर न्यायची ते तिच्यावरून कळतं. कित्येक नोंदींना ‘बद्दल’ सापडत नाही. तिथं जागा मोकळी सोडा. माझ्याकडे अशा जागा वीस वर्षांनी भरल्या गेल्याची उदाहरणं आहेत.

वहीत काय नको तेही सांगतो. सुविचार नकोत, मोबाइलवर आलेले तर मुळीच नकोत. ‘एक माणूस असतो, त्याला लॉटरी लागते, आणि मग...’ असली कथानकं नकोत, ती कीर्दीत घातलेल्या खोट्या नोंदी असतात, पुढं कुठं ताळा लागत नाही. आणि कथेचा मसुदा या वहीत लिहू नका. मसुद्याला पाठकोरे कागद घ्या. शाळेत त्यांची टंचाई नसणार. एका बाजूला जुनी परिपत्रकं छापलेल्या कागदावर लिहिताना हात सैल सुटतो, कागद वाया गेला असं वाटत नाही.

रोज तीन पानं लिहा या सल्ल्याविषयी. काहींना तो लाभतो, मला आणि माझ्यासारख्या नोकरदारांना लाभला नाही. तीन पानं भरायची म्हटलं की माणूस पाणी घालतो. दुकानात संध्याकाळी रोकड मोजून ताळा जमला की दहा मिनिटं निवांत मिळायची, ती मी वहीला दिली. दिवसाला जास्तीत जास्त तीन नोंदी. हळदीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू झाला की एक, तीही एका ओळीची, कधी दोन शब्दांची. काही नसेल तर नुसती तारीख घालायची. ही तारीख घालणं मी फार महत्त्वाचं मानतो. कीर्दीत व्यवहार न झालेला दिवससुद्धा दिवसच असतो. तुमच्या वह्या पंचविसाव्या पानावर थांबतात त्या बहुधा अशा, की चार दिवस काही लिहिलं गेलं नाही, पाचव्या दिवशी वही उघडायचीच लाज वाटली, आणि नव्या वहीनं नवी सुरुवात करावीशी वाटली. नुसत्या तारखा घातल्या असत्यात तर वही चालू राहिली असती. तुमची दहा मिनिटं कुठली ते तुम्हीच शोधा. शाळेत मधल्या सुट्टीनंतर हजेरीचा आकडा भरून होतो तेव्हा, किंवा एसटीची वाट पाहताना. वेळ एखाद्या रोजच्या कामाला बांधलेली हवी, घड्याळाला बांधलेली टिकत नाही.

वहीचं रूप. सुंदर वही आणू नका. हातकागदाची, चामडी बांधणीची वही हातात घेतली की माणूस साजेसं काहीतरी लिहायला बघतो. साधी, शंभर पानी, एकरेघी, खिशात किंवा पर्समध्ये मावणारी कीर्दीसाठी, आणि घरी ठेवायला एक जाड लाँग बुक खतावणीसाठी. पहिल्या दिवशी सगळ्या पानांना हातानं आकडे घाला. दुकानाच्या वहीत पानं छापील आकड्यांची असतात, कारण पान फाडलं तर कळलं पाहिजे. तुमच्याही वहीतलं पान फाडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता यावं अशी. हिशेबात खाडाखोड चालत नाही, पण रेघ मारून शेजारी बरोबर आकडा घातलेला चालतो. मी खोडलेल्या शब्दांकडे कितीदा तरी परत गेलो आहे.

लिहायचं उजव्या पानावर, डावं कोरं. पुढं कधी त्याच माणसाचं काही कळलं, तोच शब्द दुसरीकडे ऐकला, तर डाव्या पानावर तारीख घालून. आणि समास सोडा, चारी बाजूंनी. ही गोष्ट मी समर्थ रामदासांकडून घेतली. दासबोधात दशक म्हणजे भाग आणि समास म्हणजे त्यातलं प्रकरण. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, आणि कागदाच्या भोवती जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कागद कुठून झडतो ते ठाऊक होतं.

मला ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर सांगलीच्या गावभाग या वस्तीत. वह्या लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात होत्या आणि पाणी त्याच्याही वर चढलं. आठवड्यानं परत आलो तेव्हा चिखलानं भरलेल्या विटा हाती लागल्या. त्या आठवड्यात जे शिकलो ते इथं लिहून ठेवतो, कारण नदीकाठच्या आणि कोकणातल्या कुणालाही उपयोगी पडेल. शाईपेनानं लिहिलेलं धुऊन गेलं होतं, पानभर निळा डाग. जेल पेनचंही बरंचसं पसरलं. बॉलपेनचं राहिलं, आणि पेन्सिलीचं तर काल लिहिल्यासारखं, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. तेव्हापासून मी बॉलपेन आणि पेन्सिल एवढंच वापरतो. ओल्या वह्या उन्हात टाकू नयेत, पानं वाकडी होऊन चिकटतात. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नयेत. मिरजेला बहिणीकडे नेऊन दर आठ-दहा पानांमागं टिपकागद घालून पंख्याखाली उभ्या ठेवल्या, टिपकागद दिवसातून तीनदा बदलले. लगेच जमणार नसेल तर ओली वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावी. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, थंडीनं ती थांबते, आणि मग सवडीनं एकेक वही काढून वाळवता येते. हे मला उशिरा कळलं, चार वह्या गेल्यावर. ज्या वह्यांना समास होते त्यांच्या कडा गळून पडल्या आणि मजकूर राहिला.

आणि त्या चार वह्यांतल्याही काही नोंदी वाचल्या, कारण त्या खतावणीत उतरलेल्या होत्या आणि खतावणी माळ्यावर होती.

खतावणीकडे परत येतो. महिन्यातून एक दिवस ठरवा, महिन्याचा शेवटचा रविवार म्हणा, दोन तास. दुकानात आम्ही महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी काढायचो, ताळा बघायला. तुमचं काम सोपं आहे. महिन्याच्या नोंदी पहिल्यापासून वाचायच्या, मोठ्यानं वाचल्या तर उत्तम, आणि जी नोंद दुसऱ्या एखाद्या नोंदीची आठवण करून देईल ती खतवायची. सगळ्या नोंदी खतवायच्या नाहीत. खातं आधीपासून उघडून ठेवायचं नाही. दोन नोंदींनी एकमेकींना हाक मारली की खातं उघडायचं, आणि नोंद उतरवताना ती पुन्हा हातानं पूर्ण लिहायची, नुसता पानाचा आकडा घालून भागवायचं नाही. पुन्हा लिहिताना एखादा शब्द बदलावासा वाटतो, आणि तो बदल कथेकडे नेणारा पहिला असतो.

खात्याला नाव काय द्यावं याच्यावर मी फार चुका केल्या. सुरुवातीला ‘एकाकीपणा’, ‘नातेसंबंध’, ‘गरिबी’ अशी खाती उघडली. ती फुगली. कुठलीही नोंद त्यांत बसायची, आणि तिथं शेजारी आलेल्या नोंदी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. हिशेबातही ज्याचं ‘किरकोळ खर्च’ हे खातं फुगलेलं असतं त्या दिवाणजीनं काम टाळलेलं असतं. नाव हाताला लागणारं असावं: एखादी वस्तू, एखादी क्रिया. माझी जी खाती कामाला आली ती अशी: मोजणं, उसनं, उंबरा, चप्पल, परत आलेलं पत्र, दुसऱ्याच्या घरची झोप. ‘उसनं’ या खात्यावर माझ्या सात कथा उभ्या आहेत. साखर उसनी, छत्री उसनी, एका बाईनं लग्नाला जायला शेजारणीचं मंगळसूत्र उसनं नेलं ती नोंद. ‘गरिबी’ या खात्यावर एकही नाही.

खाती वाढली की शोधायला अनुक्रमणिका लागते. यावर एक जुनी युक्ती आहे, इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याची. १६८६ मध्ये त्यानं टिपणवहीची अनुक्रमणिका करायची पद्धत एका फ्रेंच नियतकालिकात छापली. शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्याच्यापुढचा पहिला स्वर, या दोहोंच्या जोडीवर शब्द शोधायचा. वहीच्या दोन पानांत सगळी सूची मावते. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि अभिमानही वाटला, कारण अक्षर आणि स्वर यांची जोडी म्हणजे आपली बाराखडीच. आपल्याला ती पहिलीतच येते. खतावणीच्या शेवटच्या चार पानांवर क, का, कि असं लागेल तेवढंच मांडा. ‘मोजणं’ आणि ‘मोगरा’ मो-खाली, ‘उसनं’ आणि ‘उंबरा’ उ-खाली, समोर पानांचे आकडे. तुमच्या वर्गातल्या मुलांना ही सूची करायला दिलीत तर त्यांनाही गोडी लागेल.

मोबाइलविषयी विचारलंत. रस्त्यात, बसमध्ये, हात मोकळे नसताना तो उपयोगी आहे, मीही वापरतो. पण बोलून लिहून घ्यायची सोय किंवा आपोआप शुद्धलेखन सुधारणारा कळफलक, दोन्ही बोलीला प्रमाण करून टाकतात. ‘न्हाई’ म्हटलं की ‘नाही’ उमटतं, ‘काय करालायस’चं काहीतरी भलतंच होतं. माझ्या म्हाताऱ्याचं वाक्य ‘मी मोजलेले टिकत नाही’ असं उतरलं असतं तर तो म्हातारा मला पुन्हा कधी ऐकू आला नसता. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात म्हटलेली गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी वेळोवेळी उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. उतरवून घेणाऱ्यांनी ती बोली पुस्तकी करून टाकली असती तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? तेव्हा मोबाइलवर टिपलंत तर त्याच दिवशी, आवाज कानात आहे तोवर, हातानं वहीत उतरवा. आणि माणसांचं बोलणं त्यांना न सांगता रेकॉर्ड करू नका. ऐकून लक्षात राहतं तेवढंच आपलं.

तुम्ही शाळेत आहात, मुलांच्या आयांशी बोलता, त्यांची घरं बघता. तुमच्याकडे येणारा माल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तो नाजूकही आहे. वहीत खरी नावं घालू नका. मी प्रत्येकाला एक खूण देतो, ‘निळी सायकल’, ‘वरचा मजला’. माझी एक चूक सांगतो. आमच्या आळीतल्या एका बाईंनी माझ्या पत्नीजवळ मन मोकळं केलं होतं, ते माझ्या कानावर आलं, वहीत गेलं, आणि चार वर्षांनी तिच्याच शब्दांत कथेत उतरलं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, वाक्य बदललं नव्हतं. तिनं कथा वाचली. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही, रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूनं गेली. ती आता हयात नाही. ती नोंद त्या खात्यावर आहे तशी आहे, आणि त्याच्यासमोर मी लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, ‘विचारायला हवं होतं’. तेव्हापासून कुणाचं स्वतःबद्दलचं वाक्य जसंच्या तसं वापरायचं असेल तर मी त्या माणसाकडे जातो. नाही म्हटलं तर खातं बंद.

तुमची वही घरात कुणी वाचेल ही भीती असेल तर तीही खरी आहे, आणि बायकांना ती जास्त असते. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदी करायच्या. दुधाचा हिशेब ज्या चौकटीत लिहितात तिथंच, लिटरच्या आकड्याखाली चार-पाच शब्द. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. ‘कुलूप दोनदा ओढलं.’ ‘सासूबाईंनी माझं नाव घेतलं.’ जागाच एवढीशी, त्यामुळं विशेषणाला वाव नव्हता. वर्ष संपल्यावर त्यांनी कॅलेंडर रद्दीत न घालता गुंडाळून ठेवलं, आणि बारा महिन्यांतल्या नोंदी एका रविवारी खतावणीत उतरवल्या. त्यांचं पहिलं खातं होतं ‘कुलूप’.

आता तुमच्या सात वह्या. आठवी आणू नका. सातही काढा, सगळ्यांना एक सलग आकडे घाला, पहिलीचं पहिलं पान एक, आणि तिथून पुढं. वह्या दोनशे पानी असतील तर आकडा चौदाशेपर्यंत जाईल आणि त्यातली दीडशे-पावणेदोनशे पानं भरलेली असतील. ती एवढी पाच वर्षांची कीर्द तुमच्याकडे तयार आहे, तिच्यात पाणी किती आणि माल किती ते वाचल्यावर कळेल. पुढच्या दोन सुट्ट्यांत ती वाचून काढा आणि एक लाँग बुक घेऊन खतवायला लागा. पहिल्याच बैठकीत खातं सापडलं नाही तर घाबरू नका, मला सहा वर्षांच्या वह्यांत पहिल्या आठवड्यात एकही सापडलं नव्हतं. आणि रोजची नोंद सातव्या वहीत चालू करा, जिथं थांबला होतात त्याच पानावर, मधल्या दिवसांसाठी एक आडवी रेघ ओढून, रेघेखाली आजची तारीख घालून.